व्हॅनवर पडलेले मेव्हणे

आमच्या शाळेच्या व्हॅनवर जे शिरसाचं झाड पडलं, ते विमा कंपनीच्या चौकशीत माझ्या बायकोचा भाऊ निघालं, आणि त्यामुळे आमचा दावा अडला.

यात कंपनीची काही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक उगाच कंपनीला नावं ठेवतात. पॉलिसीच्या मागच्या पानावर कलम छापलेलंच आहे: वाहनमालकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नातेवाइकानं केलेलं नुकसान भरून मिळणार नाही. आमच्या तालुक्यात मेव्हण्यानं ‘जरा लग्नाला जाऊन येतो’ म्हणून गाडी न्यायची, ओढ्यात घालायची, आणि दाजींनी कंपनीच्या दारात जाऊन बसायचं, हे इतकं वाढलं होतं की कंपनीला ते कलम घालावंच लागलं. त्यात मेव्हणा माणूसच असला पाहिजे, असं कुठंही म्हटलेलं नाही. मी चष्मा पुसून परत एकदा वाचलं.

माझं नाव रघुवीर कणसे. सुयोग कॉलनीतली पोरं पिवळ्या व्हॅनमधून शाळेत सोडायची आणि परत आणायची, हा माझा धंदा. पोरं मला कणसेकाका म्हणतात. व्हॅन हेच माझं दुकान आणि तीच माझी पेन्शन. शाळा सुटली की ती आमच्या फाटकासमोर शिरसाखाली उभी असायची. मेच्या अखेरीला भर दुपारी वावटळ सुटली, शिरस मुळातून कलला आणि व्हॅनवर आडवा झाला. टप खाली येऊन सीटला टेकला, पुढची काच बॉनेटवर साबुदाण्यासारखी सांडली.

शाळा जूनच्या मध्यात उघडणार होती. तोवर व्हॅन उभी राहिली नाही तर पोरं तानाजी घाडग्याच्या व्हॅनमध्ये जाणार, हे ठरलेलं होतं. आणि एकदा पोरगं दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये खिडकीजवळ बसलं की ते परत येत नाही. तुम्ही त्याला चॉकलेट द्या, नाहीतर पुढं शेजारी बसवा. हा या धंद्यातला अनुभव आहे.

कंपनीकडून हर्डीकर म्हणून सर्व्हेयर आले. मे महिन्यात बूट आणि बुटात मोजे, म्हणजे माणूस नियमाचा. त्यांनी व्हॅनचे चारही बाजूंनी फोटो काढले. टपाचा खड्डा टेपनं मोजला. मग पुढच्या काचेच्या जागेतून आत घुसलेल्या फांदीजवळ वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“ही राखी कुणाची?” त्यांनी विचारलं.

मी सांगणार होतो, वाऱ्यानं आली असेल कुठून तरी. तेवढ्यात शालन, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली.

“माझी,” ती म्हणाली. “भावाला बांधलेली.”

“भाऊ कुठं असतात आपले?”

“हे काय, पडलेत.”

हर्डीकरांनी कॅमेरा बंद केला. जखमीचा फोटो नातेवाइकांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, असं त्यांच्यात आहे. मग त्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, “कणसे, तुम्ही फोनवर नुसतं ‘झाड पडलं’ एवढंच सांगितलंत. मेव्हणे पडले हे सांगायला पाहिजे होतं.”

आता राखीचं सांगतो. काही वर्षांपूर्वी कॉलनीच्या महिला मंडळानं झाडांना राख्या बांधायचा कार्यक्रम केला होता. पेपरवाला फोटो काढून गेला. बाकीच्या बायकांनी पुठ्ठ्याच्या ताटलीएवढ्या राख्या बांधल्या, फोटो झाल्यावर सोडल्या आणि पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या कपाटात ठेवल्या. शालननं घरून रेशमाची नेली होती. तिनं झाडाला कुंकू लावलं, निरांजनानं ओवाळलं, ढोलीत साखर ठेवली. फोटोवाला तोपर्यंत निघून गेला होता. घरी आल्यावर मी म्हटलं, एवढं कशाला करायचं? तर म्हणाली, “उगाच कसं बांधायचं? बांधली म्हणजे भाऊ झाला.” त्यानंतर दर वर्षी ती एकटीच जायची.

तिला सख्खा भाऊ नव्हता असं नाही. हणमंतराव शेवाळे, नदीपलीकडं राहतात. सासरे वारल्यावर त्यांनी शालनला निबंधक कचेरीत बोलावून जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली. आमच्याकडं बहिणीनं वाटा घेतला की माहेर तुटतं, म्हणून बहिणी वाटा सोडतात आणि माहेर ठेवतात. शालननंही तेच केलं. तिच्या बाबतीत फक्त दोन्ही गेलं. सही झाल्यापासून हणमंतराव भाऊबीजेला आले नाहीत, आणि तिला या म्हणून निरोपही आला नाही.

कॉलनीतल्या गड्यांनी दोर लावून शिरस व्हॅनवरून उतरवला आणि कंपाउंडच्या भिंतीशी हळूच आडवा केला. एक मोठं मूळ अजून मातीत होतं. शालननं फाटलेल्या सालीवर हळद भरली, वरून जुनं लुगडं गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागली. व्हॅन तशीच बाजूला, बसल्या म्हशीसारखी. बाबू डेंटर येऊन बघून गेला. “चार दिवसांचं काम आहे, काका,” तो म्हणाला. “पण कंपनीचा कागद आल्याशिवाय मी हातोडा लावणार नाही. मागं एका मेव्हण्याच्या केसमध्ये मी फसलोय.”

पाहुण्यांना कचेरीत नेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून कंपनीनं जबाब आमच्या फाटकापाशीच घेतला. हर्डीकर दुपारीच आले. शिरसाची पानं संध्याकाळी मिटतात आणि मिटल्यावर तो कुणाशी बोलत नाही, हे त्यांना माहीत होतं. शिरसाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजतात. वारा नसताना वाजल्या तर ते बोलणं समजावं, असं कंपनीचं परिपत्रक आहे. हर्डीकरांनी आधी उदबत्ती लावली, धूर सरळ वर जातोय याची खात्री केली आणि मग सुरुवात केली.

“नाव?”

शेंगा वाजल्या.

“शिरस,” हर्डीकर लिहीत म्हणाले. “आडनाव?”

“झाडाला आडनाव कुठलं?” मी म्हटलं.

“बहिणीचं माहेरचं लागतं,” शालन म्हणाली. “शेवाळे लिहा.”

“या बाई आपल्या कोण?”

शेंगा जराशा वाजल्या आणि थांबल्या.

“‘अक्का’ म्हणाले,” हर्डीकरांनी सांगितलं.

शालननं पदर तोंडाला लावला. “हणमंतानं कधी अक्का म्हटलं नाही मला,” ती म्हणाली. “कायम आपलं ‘ए शाले’.”

“पडण्याचं कारण?”

या वेळी शेंगा बराच वेळ वाजल्या. हर्डीकरांनी पान भरून लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं: “दाजींच्या गाडीचं मागचं चाक बरीच वर्षं माझ्या मुळावर उभं राहत होतं. मूळ आतून कुजत गेलं. बहीण दिलेल्या घरी तक्रार करू नये, म्हणून बोललो नाही. त्या दिवशी तोल राहिला नाही. दाजींच्या गाडीवर पडण्याचा हेतू नव्हता. राग नसावा.”

“अरे, मग सांगायचं ना,” मी म्हटलं. “गाडी हातभर पुढं घेतली असती.”

“दाजींना कसं सांगणार?” हर्डीकर म्हणाले. “माझीही बहीण दिलेली आहे. मी तिच्या घरी उकडलं तरी पंखा लावा म्हणत नाही.”

शालननं हर्डीकरांच्या कपात आणखी चहा ओतला. माझा कप रिकामाच होता.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या शाखेत गेलो. तिथं पहिल्या मजल्यावर नातेविभाग आहे. त्याच्या प्रमुख मुजावर मॅडम, शांत बाई, बोलताना समोरच्याकडं बघून बोलतात. मी त्यांना म्हटलं, हे नातं मला मान्य नाही.

“कारण?”

“भाऊ म्हणून यानं केलं काय? एकदाही ओवाळणी टाकली नाही.”

“साडीचोळी?”

“नाही.”

“भाऊबीजेला येतात?”

“जागचा हलत नाही, मॅडम.”

“आजारपणात वगैरे विचारपूस?”

“दारात उभा असायचा, पण विचारलं कधीच नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कणसे, तुम्ही तो मानलेला आहे म्हणून आक्षेप घ्यायला आलात. पण हे तर सगळं सख्ख्याचं लक्षण आहे.”

त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, “एक करा. मिसेसना सख्खा भाऊ असेल आणि त्यानं ‘मी हिचा भाऊ आहे’ एवढं लिहून दिलं, तर मानलेल्याचं नातं दुय्यम ठरतं. मग बघता येईल.”

मला वाटलं, झालं काम. एवढं तर कुणीही लिहून देईल. मी तसाच एस.टी.नं नदीपलीकडं गेलो. हणमंतराव नव्या बंगल्याच्या पायरीवर बसले होते. मागं ट्रॅक्टर धुणं चाललं होतं.

“या दाजी,” ते म्हणाले. “चालत?”

“गाडीवर झाड पडलंय.”

“अरारा. कुणाचं?”

“आपलंच म्हणायचं.” मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. “तर तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की तुम्ही शालनचे भाऊ आहात.”

हणमंतरावांनी पायरीवरची चिलटं झटकली. “कशापायी?”

“सांगितलं ना, विम्यासाठी.”

“इतकी वर्षं भाऊ आठवला नाही. आज बरा लेखी पाहिजे झाला.” त्यांनी माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं. “जमिनीचं काढताय का, दाजी?”

“शपथ घेऊ का?”

“शपथ नको. आमचा वकील म्हणतो, ‘भाऊ’ हा शब्द कागदावर आला की त्याच्या मागनं बहीण येते, आणि बहिणीच्या मागनं सातबारा येतो.”

ते आत गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले ते कागद घेऊनच. त्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की सदर बाईशी माझं आणि माझ्या वारसांचं कसलंही नातं राहिलेलं नाही. खाली सही, अंगठाही. “सही खोटी आहे म्हणायला जागा नको,” ते म्हणाले. मग चहा दिला, आणि निघताना पिशवीभर वांगी दिली. माणूस तसा वाईट नाही.

मुजावर मॅडमनी कागद वाचला. “म्हणजे भावाची जागा रिकामी होती,” त्या म्हणाल्या. “मग शिरस तिथं रीतसर भरले गेलेत. आता तर काहीच करता येत नाही.”

घरी आल्यावर शालननं विचारलं, “काय म्हणाला?”

“वांगी दिली,” मी म्हटलं.

तिनं पिशवीत हात घालून बघितलं. कागद मी कंपनीतच ठेवून आलो होतो, पण तिनं बराच वेळ पिशवीच्या तळाशी चाचपलं. ती वांगी तिनं केली नाहीत. झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली. “खत होईल,” म्हणाली.

मग नगरपालिकेची माणसं करवत घेऊन आली. त्यांच्या मुकादमानं फाटकातूनच विचारलं, “पडलेल्याला कुणी नातेवाईक आहे का? नसेल तर आम्ही तोडून नेतो. वखारवाला टेम्पो घेऊन उभा आहे.”

“मी आहे,” शालन म्हणाली. “बहीण.”

मुकादमानं करवत पोत्यात गुंडाळली. “मग आम्हाला हात लावता येत नाही. नातं सुटलं तर कळवा.” जाताना त्यानं झाडाच्या बुंध्याकडं बघून टोपी काढली. टेम्पोवाला मात्र चिडला. त्याचं भाडं वाया गेलं होतं.

शाळा उघडायला आठवडा राहिला. कॉलनीतल्या एक-दोन आयांनी मला भाजीच्या गाड्यावर गाठलं. “कणसेकाका, नक्की ना? नाहीतर घाडगेंना सांगावं लागेल. ते आत्ताच सीटा भरल्या म्हणतायत.” नक्की, मी म्हणालो. तिथून मी थेट नातेविभागात गेलो आणि मॅडमच्या पुढ्यात बसलो.

त्या म्हणाल्या, “एक मार्ग आहे. नातं सोडता येतं. इथंच, एका सहीवर. मिसेसनी सही केली की शिरस परके होतात, आणि परक्यानं केलेल्या नुकसानीची आम्ही पूर्ण भरपाई देतो.”

“आणि नंतर परत जोडलं तर?”

“तर पैसे परत घ्यावे लागतील. आमची माणसं राखीपौर्णिमेला फिरत असतात.”

त्या दिवशी जेवताना मी शालनजवळ विषय काढला. ती भाकरी थापत होती.

“नुसती सही आहे,” मी म्हटलं. “मनातलं कोण काढून घेतंय?”

“सही केली की करवतवाले येणार.”

“ते झाड आहे, शालन.”

“जबाब घेताना नव्हतं झाड. ‘राग नसावा’ म्हणालं, तुमच्यासमोर.” तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “मागच्या सहीलासुद्धा तुम्ही असंच म्हणाला होता. नातं काय कागदावर असतं का, म्हणाला होता. त्याच व्हॅनमधून घेऊन गेला होता मला.”

“मग ते चूक होतं का?”

“होय की. कागदावरच होतं.”

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, “उद्या जाऊ. काय आहे ते मला एकदा बघू दे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. निघताना ती झाडाजवळ थांबली. मी लांब उभा होतो. वारा नव्हता, तरी एक शेंग वाजली, पण काय म्हणाली ते मला कळलं नाही. हर्डीकर असते तर त्यांनी सांगितलं असतं.

मुजावर मॅडमनी शालनला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग प्रकरण तिला समजेल असं उलगडून सांगितलं. “वाहनाचे मालक कणसे. कणसेंच्या पत्नी तुम्ही. तुमचे भाऊ शिरस. अशी ही साखळी आहे. साखळी अखंड आहे तोवर नुकसान घरातल्या घरात झालं असं धरतात. यातली एक कडी निघाली की झालं.”

“कुठली कडी, ते लिहिलंय का?” शालननं विचारलं.

मॅडमनी नियमावली उघडली. एक पान वाचलं, मागचं वाचलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “‘कोणतीही एक’ असं आहे.”

“मग पहिली काढा.”

मॅडमनी चष्मा काढला. मी वर बघितलं. छतावरचा पंखा एका पात्याला जरा जास्त घासून फिरत होता.

“पहिली म्हणजे तुमची आणि यांची,” मॅडम म्हणाल्या.

“हो. तीच.”

“मग शिरस तुमचे भाऊ राहतील, पण कणसेंचे मेव्हणे राहणार नाहीत. व्हॅनचं नुकसान परक्यानं केलेलं ठरेल. भरपाई मिळेल. आणि नगरपालिकेलाही झाड तोडता येणार नाही.” मॅडमनी हे सगळं बोटावर जुळवून बघितलं. कुठं अडत नव्हतं. “बरोबर आहे. असं यापूर्वी कुणी केलेलं नाही, पण बरोबर आहे.” मग त्या माझ्याकडं वळल्या. “यात तुमचीही संमती लागते. हरकत असेल तर आत्ताच घ्या. हरकत घेतलीत की दावा बंद होईल, आणि मग तो उघडत नाही.”

शालन माझ्याकडं बघत होती. पेन टेबलावर होतं, तिनं उचललं नव्हतं. ती रागात होती असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. बाजारातून परत येताना मी मागं राहिलो की ती चौकात थांबून जशी बघते, तशीच बघत होती. घाई काही नव्हती.

बाबूला टप ठोकायला चार दिवस लागणार होते. काच शहरातून मागवायची होती. तानाजी घाडग्यानं म्हणे नवीन सीटकव्हरं शिवायला टाकली होती.

मी मॅडमना विचारलं, “चेक कधी निघेल?”

“आज दुपारी.”

तेव्हा शालननं पेन उचललं. सही तिनं पूर्ण नावानं केली, आडनाव शेवाळे लावून. तिच्या खाली मी केली. मॅडमनी शिक्का मारला आणि पेन परत मागून घेतलं, कारण ते कचेरीचं होतं.

येताना एकच रिक्षा मिळाली. भाडं आम्ही अर्धं अर्धं दिलं. परक्या बाईचं भाडं आपण भरावं, हे कॉलनीत बरं दिसलं नसतं.

शालन त्याच दिवशी माहेरी राहायला गेली. तिचं माहेर आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागूनच आहे. कॉलनीतल्या गड्यांनी शिरसाच्या बुंध्यापासून भिंतीपर्यंत पत्रे टाकून दिले, नगरपालिकेनं नातेवाईक म्हणून नळ दिला. महिला मंडळाच्या बायका बघून गेल्या. “काही का असेना, भावाजवळ आहे,” त्या फाटकाशी बोलत होत्या. “आजकाल कुठला भाऊ असा ठेवून घेतो?” मला हे सगळं खिडकीतून ऐकू येतं. जेवायला मी स्टँडजवळच्या खानावळीत जातो. भाकरी असते, पण फुगत नाही.

व्हॅन वेळेत झाली. बाबूनं टप असा काढला की हात फिरवला तरी खड्डा लागत नाही. शाळा उघडली त्या दिवशी सगळी पोरं माझ्याच व्हॅनमध्ये होती. घाडग्याची नवी सीटकव्हरं रिकामी गेली. मी जिंकलो, असं कॉलनीत सगळे म्हणाले.

दोन-चार दिवसांनी वटपौर्णिमा होती. बायका सुताची गुंडी घेऊन फाटकावरून गेल्या. शालनला कुणी हाक मारली नाही. ती तेव्हा बुंध्याचं तण काढत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. मी मात्र बराच वेळ बघत होतो, कारण गाडी पुसायला घेतली होती.

एक फरक पडला. पूर्वी मी दाजी होतो, तेव्हा शिरस माझ्याशी बोलत नव्हता. आता तो संकोच राहिलेला नाही. मी परतल्यावर व्हॅन जुन्या सवयीनं फाटकासमोर घेतो. चाक जरा मुळाकडं गेलं की राहिलेल्या दोन-तीन शेंगा अशा कडकड वाजतात की समोरच्या घरातली माणसं बाहेर येतात. मग शालन पत्र्याखालून डोकं काढून म्हणते, “कणसे, गाडी जरा पुढं घ्या. त्यांना त्रास होतो.” मी हातभर पुढं घेतो. हातभरच लागते. तेवढ्यात भागतं.

श्रावणात आडव्या खोडातून सरळ वर फांद्या फुटल्या. राखीपौर्णिमेला शाळेला सुट्टी असते, पण त्या वर्षी आदल्या दिवसाची सुट्टी भरून काढायची म्हणून सकाळची शाळा होती. मी पोरं भरत भरत फाटकापाशी आलो तेव्हा शालन हातात ताट घेऊन झाडासमोर बसली होती. तिनं त्या तांबूस पालवीला कुंकू लावलं, निरांजनानं ओवाळलं, रेशमाची राखी बांधली आणि ढोलीत साखर ठेवली. समोर कंपनीचा एक माणूस स्कूटरवर बसून बघत होता. त्याला आक्षेप घेण्यासारखं काही दिसलं नाही. तो वहीत टिक मारून पुढच्या गल्लीत गेला.

खिडकीजवळ बसलेली चिंगी, नव्यानं यायला लागलेली, काचेला नाक लावून बघत होती.

“कणसेकाका,” तिनं विचारलं, “त्या बाई कोण?”

“त्या होय?” मी म्हटलं. “त्या झाडाच्या बहीण आहेत.”

“अच्छा,” ती म्हणाली.

पुढच्या थांब्यावर पोरं उभी होती. मी हॉर्न दिला आणि गिअर टाकला.